ओळख कोण देणार?

हातकणंगल्याच्या शाखेत असतानाची गोष्ट. तेव्हा नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची सही लागे. ‘मी यांना ओळखतो’ एवढीच त्या सहीची किंमत.

अनुदानाच्या कर्जासाठी एक तरुण आईला घेऊन आला. जातीच्या दाखल्यावर धर्म ‘हिंदू’. म्हातारीच्या पिशवीत मात्र फडक्यात गुंडाळलेला नवा करार. अर्जातल्या धर्माच्या रकान्याशी माझे पेन थांबले. मुलगा खाली पाहू लागला. “मावशी, काय लिहू?” मी विचारले. ती म्हणाली, “कागदावर काय बी लिवा सायेब. त्यो वळखतो आमास्नी.”

मी दाखल्यावरचे उतरवले. कर्ज मंजूर झाले. पण ते वाक्य आजही मनातून जात नाही.

आपल्याकडे ख्रिस्ती माणसाबद्दल एक ठरलेले मत असते: कशाच्या तरी लोभाने बाटलेला. 1852 साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून या भागात मिशनचे काम आहे. शाळा, दवाखान्यांचे आकर्षण कुणालाच नव्हते, असे मी म्हणणार नाही. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिशेब उलटा केला. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. म्हणजे ख्रिस्ती म्हणवून घेणे आता तोट्याचे! तरीही दर रविवारी ती मावशी चर्चमध्ये जातच होती. लोभाचे स्पष्टीकरण इथे लंगडे पडते.

मग तिला तिथे काय मिळत असेल? याचे उत्तर मला दोन बायकांपाशी सापडते. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण लॅटिन अक्षरांचा क्रूस घालायला नकार दिला. अक्षरे संस्कृत हवीत, असा हट्ट धरला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे, हे त्यांनी तिथल्या धर्मभगिनींनाही सुनावले. लक्ष्मीबाई टिळकांचे तसेच. रेव्हरंड टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. विरह सोसला, सोवळेओवळे आधी स्वतःच्या मनातून काढले, आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी गेल्या. धर्माने या दोघींना आयती ओळख दिली नाही. ‘मी कोण’ हे स्वतः ठरवण्याचे बळ दिले.

गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला तर जन्मापासून दुसऱ्यांनीच ओळख दिलेली असते. ‘देव मला माझ्या नावाने हाक मारतो’ हा विश्वास त्याला केवढा मोठा वाटत असेल! चर्चमध्येही जात पुरती गेली नाही, हे खरे. पण म्हणूनच दर्जा नाकारणे अधिक अन्यायाचे. धर्म बदलला म्हणून गावाने त्याच्याकडे पाहण्याची नजर बदललेली नसते. भाकरी आणि श्रद्धा यांत निवड करायला लावणारा रकाना काढून टाकला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीत मी हजारो सह्या पडताळल्या. त्या दिवशी मात्र ओळख देणाऱ्याची सही कागदावर नव्हती, आणि तरी मावशीच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती आमच्या अर्जात.