विश्रांतीच्या दिवसाचे पथ्य



कीर्तनकार, प्रवचनकार, धर्मोपदेशक यांच्या वाणीचा लाभ आपण घेतो. त्यांच्या प्रकृतीचा विचार मात्र क्वचितच करतो. आज या गावी, उद्या त्या गावी, दररोज नवे घर, नवे अंथरूण आणि नवे पाणी. श्रोत्यांच्या प्रेमाचा एकही घास नाकारता येत नाही. अशा दौऱ्यात मध्येच एखादा मोकळा दिवस येतो आणि त्याला आपण विश्रांतीचा दिवस म्हणतो. त्या दिवशी शरीराला खरोखर विश्रांती मिळते का, हा आजच्या लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ उपदेशकांचा नाही. मुलांकडे परदेशी जाणारे आईवडील, तीर्थयात्रेला निघालेले ज्येष्ठ आणि त्यांना सांभाळणारे आप्त या सर्वांचाच तो आहे.

नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती पाळक अनेक वर्षांपासून माझ्याकडे औषधोपचारासाठी येतात. वय अडुसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. इंग्लंडमधील काही मंडळ्यांच्या निमंत्रणावरून ते गेल्या जूनमध्ये सपत्नीक तिकडे गेले होते. तीन आठवड्यांत अकरा सभा झाल्या. रविवार हा उपदेशकाच्या कामाचा दिवस, म्हणून सोमवार मोकळा ठेवलेला. असा एक सोमवार त्यांनी यॉर्क या प्राचीन नगरात तेथील बंधुभगिनींसमवेत घालविला. परतल्यावर त्यांनी आणि पाळकीणबाईंनी त्या दिवसाचे जे वर्णन केले, त्यात प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावे असे बरेच काही होते. ते त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, येथे मांडतो.

यॉर्कभोवती मध्ययुगीन तटबंदी आहे. तिची लांबी सुमारे 3.4 किलोमीटर असून तिच्यावरून चालत जाता येते. यजमानांनी बूथम बार या वेशीपाशी पायऱ्या चढून मंक बारपर्यंत जाण्याचा बेत आखला होता. या टप्प्यात यॉर्क मिन्स्टर या भव्य कॅथेड्रलचे मागील बाजूने सुरेख दर्शन घडते. मात्र वाट अरुंद, दगड घासून गुळगुळीत झालेले आणि आतल्या बाजूस पुष्कळ ठिकाणी कठडा नाही.

न्याहारी साडेसात वाजता झाली होती. जेवण दीड वाजता ठरले होते. पाळकसाहेब सकाळी घेतात ती मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करणाऱ्या वर्गातील आहे. एरवी ते अकरा वाजता काहीतरी खातात. त्या दिवशी गप्पांच्या ओघात ते राहून गेले आणि चालणे मात्र नित्याच्या दुप्पट झाले. साडेबाराच्या सुमारास, तटावर असतानाच, त्यांना गळल्यासारखे वाटू लागले. ते काही बोलले नाहीत. “एवढ्या प्रेमाने फिरवीत होते, त्यांचा हिरमोड कसा करायचा?” असे त्यांनी मला नंतर सांगितले.

पाळकीणबाई मागून चालत होत्या. गार वारा असूनही यजमानांच्या कपाळावर घाम आहे आणि एका साध्या प्रश्नाला ते चिडून उत्तर देत आहेत, हे त्यांनी हेरले. त्यांनी पतीला तटाच्या भिंतीशी टेकवून बसविले, पर्समधील साखरेच्या पुड्या पाण्यात मिसळून पाजल्या आणि सोबतच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले, “यांची साखर उतरली आहे, आपण थांबू या.” पंधरा-वीस मिनिटांत त्यांना हुशारी आली. कठडा नसलेल्या त्या वाटेवर आणखी थोडी भोवळ आली असती तर काय घडले असते, याची कल्पना करवत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड आणि भूक ही लक्षणे दिसतात. परंतु वृद्धांमध्ये पुष्कळदा केवळ चिडचिड, गोंधळ किंवा अडखळते बोलणे एवढेच दिसते. त्याला आपण ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि उतरलेलीच असेल तर पुन्हा द्यावी. नंतर पोळी, बिस्किटे असे काही खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तातडीची मदत मागवावी. ब्रिटनमध्ये त्यासाठी 999 हा क्रमांक आहे.

पुढचा बेत यजमानांनी आपण होऊन बदलला. मिन्स्टरच्या मध्यवर्ती मनोऱ्याच्या 275 पायऱ्या चढण्याचा विचार सोडून दिला. भोजनानंतर सर्वजण म्युझियम गार्डन्स या उद्यानात, सेंट मेरी मठाच्या भग्नावशेषांजवळ, बाकांवर बसले. मग मिन्स्टरमध्ये जाऊन 1408 साली पूर्ण झालेली पूर्वेकडील विशाल रंगीत काचेची खिडकी त्यांनी खाली बसूनच डोळे भरून पाहिली. “त्या दिवशी मला कोणी बोलायला सांगितले नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “जेवणापूर्वीची प्रार्थनासुद्धा यजमानांनी केली. कितीतरी वर्षांनी मी मंडळीत नुसता बसलो.”

वैद्यकीय दृष्टीने मला हे वाक्य अत्यंत महत्त्वाचे वाटते. श्रम जसे स्नायूंचे असतात तसे भूमिकेचेही असतात. जो सदैव सांत्वन करतो, त्याला स्वतःचा थकवा सांगण्याची सवय राहत नाही. त्याच्यासाठी विश्रांती म्हणजे काही काळ कोणाचाही आधार न होण्याची मुभा. घरातील कर्त्या आजीआजोबांचेही असेच असते, हे आपण जाणताच.

प्रवासी उपदेशकांमध्ये जॉन वेस्ली यांचे नाव अग्रगण्य आहे. घोड्यावरून ब्रिटनभर हिंडणाऱ्या या गृहस्थांनी 1747 मध्ये सामान्यांसाठी घरगुती उपचारांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील अनेक उपचार आज आपण त्याज्य मानू. परंतु मिताहार, मोकळी हवा आणि चालणे यांवरील त्यांचा भर आजही योग्यच ठरतो. 1753 च्या अखेरीस ते इतके आजारी पडले की स्वतःच्या थडग्यावरील मजकूरही त्यांनी लिहून ठेवला. पुढील वर्षारंभी ब्रिस्टलजवळील हॉटवेल्स येथे त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्यानंतर ते 87 वर्षांचे होईपर्यंत, 1791 पर्यंत, जगले.

यॉर्क नगराचे आपणा वैद्यकीय मंडळींवर मोठे ऋण आहे. 1854 मध्ये लंडनमधील कॉलऱ्याचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखवून देणारे डॉ. जॉन स्नो यांचा जन्म 1813 मध्ये याच नगरातला. याच नगरात विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने, क्वेकर पंथाच्या आपल्या सहधर्मीयांच्या साहाय्याने, 1796 मध्ये मनोरुग्णांसाठी ‘द रिट्रीट’ हे आश्रयस्थान उघडले. त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडाने जखडीत. येथे त्यांना बागेत फिरणे, हलके काम, नियमित भोजन आणि सौजन्याची वागणूक मिळू लागली. शांत जागा आणि जिव्हाळ्याची माणसे यांचेही उपचारात मोल आहे, ही जाणीव तेथे दृढ झाली.

आता आपल्यासाठी काही व्यवहार्य सूचना.

मोकळ्या दिवशी एकच मुख्य ठिकाण पाहावे, तेही न्याहारीनंतर, अंगात उमेद असताना. दुपारी किमान तासभर पाठ टेकावी. बसायला जागा आणि स्वच्छतागृह कोठे आहे, हे यजमानांना आधीच विचारावे. त्यात संकोच नसावा. स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी कमी पिणे किंवा लघवी वाढविणारी गोळी परस्पर टाळणे धोक्याचे आहे; गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

उन्हाळ्यात ब्रिटनची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते. औषधांचे, विशेषतः इन्सुलिनचे, वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. जूनमध्ये तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा अंधाराची वाट न पाहता पडदे ओढून नेहमीच्या वेळी झोपावे. दगडी फरसबंदीवर घट्ट बसणारे, न घसरणारे बूट आणि काठी सोबत असावी. लांबच्या बसप्रवासात दर दोन तासांनी उठून चालावे. एकाच पोटरीला सूज व वेदना आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्रवासाचा विमा उतरविताना जुने आजार लपवू नयेत.

ज्यांचे काम आवाजावर चालते त्यांनी विश्रांतीच्या दिवशी कमी बोलावे. कुजबुजण्याने आवाजाला आराम मिळतो हा गैरसमज आहे. त्याने उलट ताण पडतो. घोट घोट पाणी प्यावे, वारंवार खाकरू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी.

आणि यजमानांना एक विनंती. पाहुण्याला “दमलात का?” असे विचारू नका, तो नाहीच म्हणेल. “मला जरा बसावेसे वाटते, आपण बसू या का?” असे म्हणा. त्याचा मान राहील आणि पायांना विसावाही मिळेल.