पहिल्या पाचांत काय आलं?



मंडळाचे जुने अंक आता कॉम्प्युटरवर शोधता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात आमच्या लेकीने तिथे 'डाळिंबी उसळ' असं टाइप केलं. तिच्या आजीने फार वर्षांपूर्वी ती कृती आपल्या अंकात लिहिली होती. आजी आता नाही, त्यामुळे फोन करून विचारायची सोय नाही. वर काय यावं? डाळिंबाचं सरबत, डाळिंबाची कोशिंबीर! उसळ अकराव्या जागी. लेक म्हणाली, "बाबा, नाहीये ती." पहिल्या दहांच्या पुढे तिने पाहिलंच नव्हतं. पाहतो कोण?

चूक माझीच. 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात', 'पाण्याचा' हेही सापडावं म्हणून शब्दांची शेपटं छाटायची सोय मीच केली होती. त्या कात्रीत वालाच्या डाळिंब्यांचं डाळिंब झालं! एकीकडे दुरुस्त करावं तर दुसरीकडे बिघडतं. मग एकूण सुधारलं की बिघडलं, हे कळणार कसं?

यावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या कॉलेजचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात विमानशास्त्रावरचे सुमारे १४०० निबंध घेतले, प्रश्नांची यादी केली, आणि कुठल्या प्रश्नाला कुठला निबंध उपयोगी हे माणसांकडून ठरवून घेतलं. मग शोधण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना तीच प्रश्नपत्रिका दिली. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेक' चाचण्याही याच वाटेने गेल्या.

गुण देणं सोपं आहे. पहिल्या पाचांत तीन उत्तरं कामाची असतील, तर पाचांपैकी तीन. दुसरी रीत अशी: योग्य उत्तर पहिल्या जागी आलं तर एक गुण, दुसऱ्या जागी अर्धा, तिसऱ्या जागी एक तृतीयांश. म्हणजे आजीच्या उसळीला एक अकरांश! सगळ्या प्रश्नांची सरासरी दुरुस्तीआधी काढायची आणि नंतरही.

आता अडलंय ते प्रश्नपत्रिकेपाशी. मी एकट्याने ती काढली, तर मला सुचतील तेवढेच प्रश्न येतील. तेव्हा प्रत्येक घरातून दोन प्रश्न हवेत, आणि कुठला लेख सापडला तर तुमचं समाधान होईल, तेही कळवा. पन्नास जमले की कामाला लागतो.

उसळ मात्र झाली हो! लेकीने वाल स्वतः सोलले.