सर्टिफिकेटं पुरेत, आता आर्टिकलशिप करू द्या

मंडळी, आज जरा कडू बोलते. राग आला तर हक्काने भांडा.

श्रूजबरीत शनिवारी सकाळी रूट ९ वर निघालेली आपली निम्मी मुलं गणिताच्या क्लासला चाललेली असतात. उरलेली घरी ऑनलाइन कोर्स करतात. कोर्स संपतो, सर्टिफिकेट येतं, आपण ते ग्रुपवर टाकतो, पंधरा अंगठे मिळतात, की लगेच पुढचा कोर्स. माझ्याही घरी अशी नऊ सर्टिफिकेटं आहेत. पहिली गुन्हेगार मीच.

मी पुण्यात सीए झाले. नुसत्या परीक्षा देऊन कुणी सीए होत नाही. माझ्या वेळी ३ वर्षं आर्टिकलशिप होती. आम्ही व्हाउचर तपासायचो आणि सीनियर लाल पेनाने आमचं काम परत करायचे. हिशेब मला त्या लाल पेनाने शिकवला. मग आपल्या मुलांच्या गणिताला आणि कोडिंगला लाल पेन कुठे आहे?

ते आहे, आणि फुकट आहे. सेजमॅथ, सायलॅब, लीन ही ओपन-सोर्स गणिती सॉफ्टवेअर. त्यांचा कोड कुणीही वाचू शकतं, दुरुस्ती पाठवू शकतं, आणि ती स्वीकारण्याआधी जाणकार माणूस तपासतो.

कोर्सपासून तिथपर्यंतचा रस्ता आपल्याच पवईत बांधलाय. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प छोट्या छोट्या धड्यांतून सायलॅब शिकवतो, मराठीतूनही. तिथलाच फॉसी प्रकल्प कॉलेजच्या मुलांना पुढची पायरी देतो: एक पाठ्यपुस्तक निवडा, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहा, तपासून घ्या. मान्य झालं की ते काम सगळ्यांना खुलं होतं आणि मुलाला मानधन मिळतं. कोर्स हे इथे फक्त दार आहे. आपण मात्र दाराचाच फोटो काढून परत फिरतो!

शाळकरी मुलांसाठी लीनचा नॅचरल नंबर गेम आहे. त्यात २ + २ = ४ हे गृहीत न धरता सिद्ध करायचं असतं. गोडी लागली तर पुढे मॅथलिब आहे, जगभरच्या लोकांनी मिळून उभारलेलं सिद्धतांचं भांडार.

माझ्या लेकाला एका सॉफ्टवेअरच्या माहितीपानावरचं उदाहरण चुकलेलं दिसलं. त्याने दुरुस्ती पाठवली. एका अनोळखी बाईंनी ती तीनदा परत पाठवली, दरवेळी कारण लिहून. तो चिडला, रडला, चौथ्यांदा जमलं. दोन ओळींचा बदल! पण नऊ सर्टिफिकेटांनी जे शिकवलं नाही ते त्या तीन नकारांनी शिकवलं.

“कॉलेजच्या अर्जाला उपयोग होईल का गं?” हे विचारणार, माहितेय. होईलही. पण त्यासाठीच करायला लावू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टच्या लोभाने लोकांनी निरर्थक दुरुस्त्यांचा इतका पाऊस पाडला, की आयोजकांना मधेच नियम बदलावे लागले. तो कचरा उपसणारे बहुतेक स्वयंसेवक होते. आपल्या पोरांनी त्यात भर घालू नये.

हिशेबाच्या भाषेत सांगते. आपण सर्टिफिकेट मालमत्तेत धरतो, तो खरा खर्च आहे. दुसऱ्याच्या कामी आलेली दोन ओळींची दुरुस्ती, ती मालमत्ता.

तेव्हा पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी मुलाला एकच विचारा: “मागच्या कोर्समधून तू कुणाच्या उपयोगी पडलास?” उत्तर नसेल, तर कार्ड पाकिटातच राहू द्या.