सीनेचा गाळ आणि हरवलेले पूरमैदान

अहिल्यानगर - पावसाळा तोंडावर आला, की सीना नदीतील गाळाचा प्रश्न ऐरणीवर येतो. गाळ काढला, पात्र खोल झाले, म्हणजे पूर टळला, असा समज त्यामागे असतो. मात्र, हा गाळ पुन्हा पात्रातच का साचतो, या मूळ प्रश्नाकडे दुर्लक्ष होते.

इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने सीनेच्या काठी हे शहर वसविले. कोणत्याही नदीप्रमाणे सीनेलाही काठालगतचा सखल पट्टा, म्हणजेच पूरमैदान, निसर्गाने दिले आहे. पुराचे पाणी या पट्ट्यात पसरले, की त्याची खोली व वेग कमी होतो. गवत व झाडोरा त्याला आणखी अडवितो आणि बारीक माती तेथे बसते. वाळू व गोटे मात्र मुख्यतः पात्रातूनच सरकत राहतात.

भराव घालून किंवा भिंती बांधून हा पट्टा तोडला, की चित्र पालटते. अरुंद पात्रात पाण्याचा वेग वाढतो, तळ व काठ खरवडले जातात. पुढे जेथे प्रवाह मंदावतो, तेथे तोच गाळ साचतो. शहरातील छते आणि डांबरी रस्ते पाणी झपाट्याने ओढ्या-नाल्यांत आणून सोडतात, त्यामुळे हा मारा अधिकच वाढतो.

जर्मनीतील म्युनिक शहराने २००० ते २०११ या काळात इसार नदीच्या ८ किलोमीटर पट्ट्यातील बंदिस्त काठ मोकळे करून पात्र रुंद केले. तेथे गोट्यांचे नैसर्गिक किनारे पुन्हा तयार झाले आणि पूर सामावण्याची क्षमताही वाढली.

अर्थात, पूरमैदान हा रामबाण उपाय नव्हे. साचणाऱ्या मातीने तेही हळूहळू उंचावते. शिवाय, शहरातील गाळात सांडपाण्याची घाण मिसळलेली असल्याने तो कोठे साचू द्यायचा, याचाही विचार करावा लागतो. पाणलोटातील मातीची धूप रोखणे त्यामुळे तितकेच महत्त्वाचे. हिवरे बाजारने तो मार्ग याच तालुक्यात दाखवून दिला आहे.

राज्यात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आतील पट्टा हा केवळ विकास रोखणारा अडसर मानला जातो. वास्तविक, ती नदीची गाळ टाकण्याची हक्काची जागा आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात सोलापूर जिल्ह्यातील सीनाकाठाने नदीचा विस्तार अनुभवला. नदी आपली जागा विसरत नाही. ती आपण होऊन सोडायची, की गाळ काढण्यावर दरवर्षी खर्च करीत राहायचे, हे शहराने ठरवायचे आहे.