एल्सला विसरू नका!

पायथॉनच्या ओरलला हमखास येणारा एक प्रश्न आहे. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये ‘इफ’ कुठे लिहायचा? उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. “सर, नुसता इफ असेल तर शेवटी, इफ-एल्स असेल तर सुरुवातीला.” एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. पण असं का, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी गडबड इथेच होते. कारण हे दोन इफ दिसायला जुळे भाऊ असले तरी त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

शेवटी येणारा इफ म्हणजे चहाची गाळणी. अटीत बसलं ते कपात, बाकीचा चोथा बाहेर. घ्यायचं की नाही, एवढंच तो ठरवतो. टाकलेल्याचं पुढे काय, हा प्रश्नच नसतो, म्हणून तिथे एल्स चालत नाही. सुरुवातीचा इफ-एल्स म्हणजे मेसमधला वाढपी. तो प्रत्येक ताटापाशी थांबतो. भाकरी हवी असेल तर भाकरी, नाहीतर चपाती. प्रत्येक ताटात काहीतरी पडलंच पाहिजे, म्हणून तिथे एल्स सक्तीचा. एवढं कळलं की पाठांतराची गरज राहत नाही.

आता एक उदाहरण. (छपाईसाठी कोड देवनागरीत दिलाय, मशीनवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा!) पाच रोल नंबर, त्यांचे गुण असे:

गुण = [७२, नन, ३८, ५५, ६४]

नन म्हणजे किंमत नाही, अर्थात दोन नंबरचा विद्यार्थी गैरहजर. (आमच्या कॉन्व्हेंटमधल्या ननशी याचा संबंध नाही, त्या कधीच गैरहजर नसायच्या!) आता कुणी लिहिलं:

[ग फॉर ग इन गुण इफ ग इज नॉट नन]

उत्तर आलं [७२, ३८, ५५, ६४]. छान, स्वच्छ यादी. सरासरी काढायची असेल तर अगदी बरोबर. पण हीच यादी झिप वापरून रोल नंबरांशी जोडली तर? दोन नंबरचा गैरहजर असूनही त्याला ३८ मिळाले. तीन नंबरचा ३८ वर नापास होता, तो ५५ घेऊन पास झाला. चार नंबरला ६४ गेले. आणि पाच नंबर? त्याने ६४ मिळवले होते, पण यादीत तो नाहीच! झिप छोट्या यादीपाशी गुपचूप थांबतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्राम एकदम खूश. पायथॉन ३.१० (२०२१) पासून झिपला ‘स्ट्रिक्ट’ची सोय आहे, लांबी जुळली नाही तर ते ओरडतं. पण ती आपण मागितली तरच.

त्याऐवजी असं लिहा:

[ग इफ ग इज नॉट नन एल्स ‘गैरहजर’ फॉर ग इन गुण]

यादीत पाचच्या पाच जागा राहतात आणि ज्याचं त्याला मिळतं.

हे तत्त्व शिकायला लांब जायला नको. आपली सोलापुरी चादर जकार्डवर विणली जाते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास आणलेली ही युक्ती. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तर त्या जागचा हुक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो, भोक नसेल तर धागा खालीच राहतो. भोक नाही म्हणून कुणी धागा कापून टाकत नाही. खाली राहिलेला धागाही नक्षीचाच भाग असतो. यालाच म्हणतात इफ-एल्स! इलेक्ट्रॉनिक जकार्डला कार्डं लागत नाहीत, तरी तत्त्व तेच.

थोडा इतिहासही गमतीदार आहे. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन पायथॉनमध्ये २००० साली २.० आवृत्तीत आलं, गाळणारा इफ घेऊनच. एका ओळीतला इफ-एल्स मात्र २००६ मध्ये २.५ आवृत्तीत आला. तो कसा लिहावा यावर २००३ मध्ये मतदान झालं, पण एकमत होईना. शेवटी गुइडो व्हान रॉसम यांनी स्वतःच निर्णय घेतला. तोपर्यंत लोक जुगाड करायचे: हजर अँड गुण ऑर ‘गैरहजर’. चालायचंही. पण पायथॉनच्या लेखी शून्य म्हणजे ‘फॉल्स’. म्हणजे पोरगा पेपरला बसला, तीन तास घाम गाळला, शून्य मिळालं, तर प्रोग्राम सांगणार की तो आलाच नव्हता! जुगाड गेला, पण खोड गेली नाही. आजही आपण आळसाने नुसतं ‘इफ ग’ लिहितो, आणि ननबरोबर शून्यवालाही गाळला जातो. शून्य गुण आणि गैरहजर यात फरक आहे की नाही? शून्यवाल्याला विचारा!

गाळणी वाईट असं माझं म्हणणं नाही. फाइलमधल्या रिकाम्या ओळी काढा, मूळ संख्या शोधा, खुशाल गाळा. पण यादीतली एकेक जागा म्हणजे एकेक माणूस असेल, स्कॉलरशिपची यादी असेल, हॉस्टेल अॅडमिशनची असेल, तर आधी एल्सचा विचार करा. ज्याचं नाव ‘कागदपत्र अपुरे’ म्हणून लागतं, तो ऑफिसात जाऊन कागद देऊ शकतो. ज्याचं नावच गायब होतं, त्याने कुठे जायचं?

माझा साधा फंडा असा. कोड लिहिण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघा. “जे हजर, त्यांचेच गुण” असं निघालं तर इफ शेवटी. “प्रत्येकाचं लिहा, हजर असेल तर गुण, नाहीतर गैरहजर” असं निघालं तर इफ-एल्स सुरुवातीला. आणि एका श्वासात वाक्य म्हणता आलं नाही, तर सरळ चार ओळींचा फॉर लूप लिहा. एका ओळीत तीन-तीन इफ कोंबण्यात कसली हुशारी? आठवड्याने स्वतःलाच कळत नाही!

सरांना आणि मॅडमना एकच विनंती. ओरलला ‘इफ कुठे येतो’ एवढंच विचारू नका. ‘गाळलेल्यांचं काय झालं?’ हेही विचारा. उद्या आमच्यापैकीच कुणीतरी खऱ्या माणसांच्या याद्या बनवणार आहे.