लॉगिनची स्क्रीन नक्की कोणाची?

लॉगिनची स्क्रीन कोण ठरवतं? आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्ट्समध्ये, कोणीच नाही! सिक्युरिटीवाले नियमांची यादी पाठवतात, आम्ही डेव्हलपर मुकाट्याने ती कोडमध्ये घालतो आणि डिझायनरच्या वाट्याला उरतो बटणाचा रंग. युजरला विचारतंय कोण?

एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी नवा पासवर्ड. हे नियम रुजले ते अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे. लोकांनी काय केलं? नावापुढे १ लावला, पुढच्या वेळी २. नाहीतर चिठ्ठीवर लिहून ठेवलं. गंमत म्हणजे लंडनच्या अॅन अॅडम्स आणि अँजेला सॅस यांनी हेच १९९९ मध्ये, म्हणजे आधीच, युजर्सशी बोलून मांडलं होतं. २०१७ मध्ये खुद्द बर यांनीही त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला.

मग निस्टने काय केलं ते बघा. नवा मसुदा २०१६ मध्ये गिटहबवर ठेवला, लोकांच्या सूचना घेतल्या. २०१७ च्या आवृत्तीत सांगितलं की चिन्हांची सक्ती नको, उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, पेस्ट करू द्या. २०२५ च्या आवृत्तीत तर या सक्तीला आणि ठरावीक मुदतीने बदलायला लावण्याला सरळ मनाईच आली.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, "सोपं केलं की चोरांचं फावतं." अहो, पण काम नाहीसं होत नाहीये, फक्त माणसाकडून मशीनकडे जातंय. फुटलेल्या पासवर्डांची यादी तपासणं, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालणं ही सर्व्हरची कामं. पेस्ट बंद केलं की मात्र पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसालाच शिक्षा होते.

तर सांगायचा मुद्दा असा, की नियम आणि स्क्रीन एकाच टेबलावर ठरायला हवेत. सोमवारी ऑफिसात गेलात की लॉगिनची स्क्रीन कागदावर काढा. सिक्युरिटीवाल्याला शेजारी बसवा आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना ती वापरायला द्या. मध्ये बोलू नका, नुसतं बघा. जिथे अडतील तिथे बदला, पुन्हा दाखवा. कोड लिहायच्या आधी कागद खोडणं केव्हाही स्वस्त!