माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र

जबलपूर मतदारसंघात मतदान झालं 19 एप्रिल 2024 ला. शहपुऱ्यात मी सकाळीच बोटाला शाई लावून आले. 2014, 2019 आणि आता, तिन्ही वेळा मत मोदींच्या नावावर. लपवत नाही; काम करणारा माणूस म्हणून दिलं.

दोनच दिवसांनी राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत ते म्हणाले, काँग्रेस आयाबहिणींच्या सोन्याचा हिशेब करील, ते घुसखोरांना, जास्त मुलं असणाऱ्यांना वाटील, मंगळसूत्रसुद्धा सोडणार नाही. काँग्रेसचा जाहीरनामा मी वाचला. (त्यांची वकिली मी करत नाही, तो कंटाळवाणाच आहे.) मंगळसूत्राचं नाव त्यात नाही.

माझं मंगळसूत्र दोनदा गेलं. एकदा मटारच्या बियाण्यासाठी, एकदा सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी. दोन्ही वेळा सराफाकडे गहाण. सोडवायला हंगाम लागले, कारण आमचा मटार एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. कुणी घुसखोर दाराशी आला नव्हता. या गहाणवटीबद्दल बोलले असते तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढे 14 मे ला वाराणसीत एका मुलाखतीत ते म्हणाले, ज्या दिवशी मी हिंदू-मुसलमान करीन, त्या दिवशी सार्वजनिक जीवनात राहायला लायक उरणार नाही. बांसवाड्याचं भाषण मी तोवर दोनदा ऐकलं होतं.

घरचे म्हणतात, प्रचारात एवढं चालायचंच. दहा वर्षं सत्ता हातात असताना का चालावं? केलेलं काम सांगून मत मिळत नव्हतं?